बोलायला वेळ लागणाऱ्या मुलांसाठी हातांच्या खुणा: काय, का आणि सुरुवात कशी करावी?

अडीच-तीन वर्षांचे मूल अजून बोलत नसेल, तर घरात साधारण दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, "थांबा थोडं, त्याचे बाबाही उशिराच बोलले होते." दुसरा, "त्याच्याशी खुणांनी बोलू नका, सवय लागली तर कधीच बोलणार नाही." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात. पण दोन्हींमुळे मुलाचा मोलाचा काळ हातातून जातो.

मूल बोलत नाही याचा अर्थ त्याला सांगायचे काही नाही, असा नसतो. त्याला तहान लागते, भीती वाटते, कान ठणकतो, पोटात दुखते. हे सांगायला शब्द नसले की ते रडते, डोके आपटते, चावते किंवा वस्तू फेकते. मग आपण त्याला हट्टी म्हणतो. अशा मुलाच्या हाती शब्द येईपर्यंत दुसरे एखादे साधन देणे ही चैन नाही, ती त्याची गरज आहे. हातांच्या खुणा हे असे एक साधन आहे. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही आणि ते घरी सुरू करता येते. मात्र ते योग्य पद्धतीने आणि आवश्यक तपासण्यांच्या जोडीने वापरायला हवे.

खुणांचा आधार म्हणजे नेमके काय?

"खुणा" या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

१. नैसर्गिक हावभाव. बोट दाखवणे, मान हलवणे, टाटा करणे, "ये" म्हणून हात हलवणे. प्रत्येक बाळ शब्दांच्या आधी हेच शिकते.

२. मुख्य शब्दांच्या खुणा. यात आपण नेहमीसारखे पूर्ण वाक्य मोठ्याने बोलतो आणि त्यातल्या एक-दोन महत्त्वाच्या शब्दांना हाताने खूण करतो. उदाहरणार्थ, "चल, आता हात धू आणि जेवायला बस" असे म्हणताना फक्त "हात धुणे" आणि "जेवणे" या दोन खुणा करायच्या. बोलणे चालूच राहते, खूण त्याला आधार देते. या पद्धतीचे जगभर माहीत असलेले उदाहरण म्हणजे मॅकाटन. ती १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मार्गारेट वॉकर या वाचा-उपचारतज्ज्ञांनी विकसित केली. मार्गारेट, कॅथी आणि टोनी या तीन सहकाऱ्यांच्या नावांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ते नाव पडले.

३. भारतीय सांकेतिक भाषा. ही कर्णबधिर समाजाची स्वतंत्र आणि परिपूर्ण भाषा आहे. ती हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. उदाहरणार्थ, "काय", "कुठे" असे प्रश्नार्थक शब्द तिच्यात सहसा वाक्याच्या शेवटी येतात. चेहऱ्यावरचे भाव आणि भुवयांची हालचाल हाही त्या व्याकरणाचाच भाग असतो.

ज्या मुलाला ऐकू येते पण बोलायला अडचण आहे, त्याला साधारणपणे दुसऱ्या प्रकाराचा उपयोग होतो. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला तिसऱ्या प्रकाराची, म्हणजे पूर्ण भाषेची गरज असते. या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी माहिती आहे. कर्णबधिर मुलांविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

कोणाला उपयोग होतो?

- डाऊन सिंड्रोम असलेली मुले. या मुलांची समज बोलण्याच्या बरीच पुढे असते. तोंडाचे स्नायू सैल असतात आणि ऐकलेले लक्षात ठेवणे अवघड जाते. त्या मानाने पाहिलेले चांगले लक्षात राहते. त्यामुळे खुणांचा आधार त्यांना विशेष मानवतो.
- कोणत्याही कारणाने बोलायला उशीर होत असलेली मुले.
- बौद्धिक अक्षमता असलेली मुले.
- स्वमग्नता (ऑटिझम) असलेली काही मुले. सगळ्यांनाच खुणा जमतात असे नाही, काहींना चित्रे अधिक सोपी जातात.
- शब्द माहीत असूनही तोंडाच्या हालचालींची जुळणी न जमणारी मुले.
- पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या किंवा श्वासनलिकेत नळी असलेल्या मोठ्या माणसांनाही "पाणी", "दुखतंय", "कूस बदला" अशा मोजक्या ठरलेल्या खुणांचा आधार होतो.

खुणा शिकवल्या तर बोलणे थांबते का?

नाही. पालकांच्या मनातली ही सर्वांत मोठी भीती आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

बोलण्यातील अडचणी असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना खुणा, चित्रे किंवा यंत्रे असा पर्यायी आधार दिल्यावर त्यांच्या बोलण्याचे काय होते, याचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत भरवशाच्या अभ्यासांत २७ व्यक्तींची माहिती होती. त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नाही. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ दिसली, बाकीच्यांत फरक पडला नाही. ही वाढ बहुतेकांत लहानशीच होती. म्हणजे खुणा हे बोलते करणारे औषध नव्हे, पण त्या बोलणे रोखत नाहीत हे त्यातून दिसते.

याचे कारणही समजण्यासारखे आहे.

- खूण करताना आपण आपोआप सावकाश बोलतो, महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि मुलाकडे पाहतो. या तिन्ही गोष्टी भाषा शिकायला मदत करतात.
- बोललेला शब्द क्षणात विरून जातो. खूण थोडा वेळ दिसत राहते आणि हात धरून दाखवताही येते.
- आपले म्हणणे समोरच्याला कळले की मुलाला पुन्हा सांगावेसे वाटते. सांगण्याची ही इच्छा हाच बोलण्याचा पाया आहे.
- बोलणे हे खुणांपेक्षा वेगवान असते, अंधारात चालते आणि पाठमोऱ्या आईपर्यंतही पोहोचते. त्यामुळे ज्या मुलाला बोलणे जमू लागते, ते स्वतःहूनच खुणा सोडत जाते. रांगणारे बाळ चालायला लागल्यावर रांगणे सोडते, तसेच हे आहे.

आधी या तपासण्या करून घ्या

खुणा सुरू करण्यासाठी निदानाची वाट पाहू नका. पण खुणा सुरू केल्या म्हणून तपासण्या टाळूही नका.

ऐकण्याची तपासणी: बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची ही तपासणी व्हायलाच हवी. "ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं" हा घरगुती अंदाज पुरेसा नाही. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू न येणे शक्य असते. वयानुसार ओएई आणि बेरा या तपासण्या करतात. त्या दुखत नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्यांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. त्यांच्या थायरॉइडचीही नियमित तपासणी करावी.

डोळ्यांची तपासणी: खुणा पाहून शिकायच्या असतात, त्यामुळे दृष्टी नीट आहे ना, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे.

विकासाची तपासणी: बालरोगतज्ज्ञ मुलाचे खेळणे, नजर, समज आणि हालचाली पाहून पुढील दिशा ठरवतात.

एक जुना समज: "जिभेखालचा दोर कापला की बोलेल." जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही मुलांचे उच्चार अस्पष्ट होऊ शकतात. पण मूल शब्दच बोलत नसेल, तर त्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते. केवळ शस्त्रक्रियेवर विसंबून थांबू नका.

पुढीलपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना भेटा:

- बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही.
- हाक मारल्यावर बहुतेक वेळा लक्ष देत नाही.
- दीड वर्षापर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नाही.
- दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही.
- कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द किंवा खुणा बंद झाल्या. यात अजिबात वाट पाहू नये.

पहिल्या खुणा कोणत्या निवडाव्यात?

सुरुवातीला पाच ते आठ खुणा पुरेत. त्या निवडताना "मी काय शिकवू?" असे न विचारता "माझ्या मुलाला सारखे काय हवे असते?" असे विचारा. ज्या मुलाला फुगे आवडतात, त्याच्यासाठी "फुगा" ही पहिली खूण "नमस्कार"पेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

साधारण यादी अशी करता येईल:

- आवडीचे: आवडता खाऊ, आवडता खेळ, बाहेर फिरायला जाणे.
- रोजचे: जेवणे, पाणी, झोप, शू.
- हुकूम चालवणारे: आणखी, बास, दे, ये.
- सुरक्षिततेचे: नको, दुखतंय, मदत.

शेवटचा गट बरेच पालक विसरतात. "नको" ही खूण मुलाला येत असेल आणि आपण तिचा मान राखत असू, तर ते चावण्या-ओरबाडण्याऐवजी नकार देऊ शकते. "दुखतंय" ही खूण आणि शरीराच्या भागांकडे बोट दाखवणे जमले, तर आजाराचे निदान लवकर होते. आणि कोणी नको तिथे हात लावला, तर ते आईवडिलांना सांगण्याचा मार्गही त्याच्याजवळ राहतो. न बोलणारे मूल काही सांगू शकणार नाही, हे गैरफायदा घेणाऱ्यालाही माहीत असते. म्हणून गुप्तांगांसह सर्व अवयवांची ओळख या मुलांना इतर मुलांइतकीच, किंबहुना थोडी आधीच करून द्यावी.

खुणा आणायच्या कुठून? जेवणे, पिणे, झोप, ये, बास अशा कितीतरी खुणा आपल्या घरांत आधीच आहेत. बाकीच्या खुणा भारतीय सांकेतिक भाषेतून घ्या. नवी दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेला व्हिडिओ शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत त्यात सुमारे ३,००० शब्द होते, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. इंटरनेटवर अमेरिकन किंवा ब्रिटिश खुणांचे व्हिडिओ भरपूर दिसतात, पण त्या खुणा वेगळ्या आहेत. आपल्या मुलाला इथल्या शाळेत आणि इथल्या लोकांत वावरायचे आहे, म्हणून खुणाही इथल्याच असाव्यात.

रोज कसे करावे?

त्यासाठी वेगळा तास ठेवायची गरज नाही. जेवण, अंघोळ, कपडे घालणे, फिरायला जाणे, झोपणे हेच आपले वर्ग.

१. मुलाच्या नजरेच्या पातळीवर या. खाली बसा. तुमचा चेहरा आणि हात दोन्ही त्याला दिसले पाहिजेत. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा अंधारात जातो.

२. बोला आणि त्याच क्षणी खूण करा. शब्द कधीही गाळू नका. नुसती खूण नाही आणि तुटक बोलणेही नाही. पूर्ण, छोटे वाक्य बोला.

३. थांबा. हे सगळ्यात अवघड आहे. खूण केल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजा. मुलाला विचार करायला आणि हात हलवायला वेळ लागतो. आपण घाईने दुसरे वाक्य बोललो की त्याची पाळी निघून जाते.

४. जे येईल ते स्वीकारा. लहान मूल "पाणी"ला "पापा" म्हणते तेव्हा आपण ते चालवून घेतो. तसेच त्याची खूणही सुरुवातीला वेडीवाकडी असेल. तुम्ही मात्र दर वेळी खूण नीट करून दाखवा.

५. लगेच प्रतिसाद द्या. त्याने "आणखी" केले की आणखी द्या, आणि देताना म्हणा, "आणखी हवं? हे घे आणखी."

६. एक पायरी पुढे जा. त्याने "पाणी" केले, तर तुम्ही "थंड पाणी" किंवा "बाबा, पाणी" असे दोन खुणांनी दाखवा.

बडबडगीते अभिनयासह म्हणणे हा तर आपला घरोघरचा जुना सराव आहे. तिथे खुणा सहज मिसळतात.

काही गोष्टी टाळाव्यात:

- "आधी बोल, मगच देईन" असे करू नका. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेऊ नये.
- पाहुण्यांसमोर "करून दाखव" म्हणून सक्ती नको.
- हात जबरदस्तीने धरून खूण करवू नका. मुलाला आवडत असेल तर हलकेच मदत करा. स्वमग्न मुलांना असा स्पर्श नकोसा वाटू शकतो.
- दररोज नव्या खुणांचा भडिमार करू नका. आधीच्या खुणा वापरात आल्या की नव्या द्या.

मूल आधी खूण समजू लागते, नंतर करू लागते. यात काही आठवडे, कधी काही महिने जातात. आपण बाळाशी वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे त्याचा पहिला शब्द येतो. खुणांनाही तेवढी सवलत द्या.

एकट्या आईने खुणा शिकून भागत नाही

बऱ्याच घरांत आई थेरपीला जाते, आई शिकते आणि मूलही शिकते. पण बाबा, आजी-आजोबा, शेजारी आणि शिक्षक यांना एकही खूण येत नाही. म्हणजे आई खोलीबाहेर गेली की मूल पुन्हा मुके होते. भाषा ही दोन बाजूंनी चालते. मुलाने वीस खुणा शिकल्या आणि भोवतालच्या माणसांनी एकही शिकली नाही, तर अडचण मुलात उरत नाही, ती आपल्यात आहे.

घरात: फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी या आठवड्याच्या दोन खुणांची चित्रे लावा. आजी-आजोबांना समजावताना "ही थेरपी आहे" म्हणण्यापेक्षा "तो तुम्हाला पाणी मागेल तेव्हा असं करतो" असे सांगा, ते लवकर पटते. भावंडे सगळ्यात लवकर शिकतात. पण कायम दुभाष्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नका.

खुणांचा व्हिडिओ: मुलाच्या प्रत्येक खुणेचे काही सेकंदांचे चित्रण मोबाइलवर करा आणि खाली अर्थ लिहा. त्याने स्वतः तयार केलेल्या खुणाही त्यात घ्या. हे चित्रण अंगणवाडी ताई, वर्गशिक्षिका, रिक्षावाले काका, पाळणाघरातल्या मावशी यांना दाखवा. घर बदलले किंवा शाळा बदलली तरी मुलाची भाषा त्याच्याबरोबर जाते.

शाळेत: वर्गातील एकाच मुलाला खुणा शिकवून काही साधत नाही, त्या पूर्ण वर्गाला शिकवाव्या लागतात. परिपाठाच्या वेळी रोज एक खूण घेतली तरी एका सत्रात शंभरच्या आसपास खुणा होतात. मुलांना हा खेळच वाटतो. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. सूचना देताना बोलणे, खूण आणि चित्र तिन्ही वापरावे. याचा फायदा घरी वेगळी बोली किंवा वेगळी भाषा बोलणाऱ्या आणि लाजऱ्या मुलांनाही होतो. टाळ्यांच्या कडकडाटाने घाबरणारे मूल वर्गात असेल, तर कर्णबधिर समाजाप्रमाणे दोन्ही हात उंच करून हलवून दाद देता येते.

ही कोणाची मेहरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समावेशक शिक्षणासाठी बोलण्याला पूरक म्हणून सांकेतिक भाषा आणि इतर पर्यायी साधनांच्या वापराला प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. मूल ज्या शाळेत जाते, तिथे हा मुद्दा पालक शांतपणे पण ठामपणे मांडू शकतात.

मूल कर्णबधिर असेल तर

इथे नियम थोडा बदलतो. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला बोललेल्या वाक्यातल्या दोन खुणा दाखवून भाषा मिळत नाही. त्याला भाषा पूर्ण हवी.

बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या पालकांच्या घरी जन्मतात. त्यामुळे घरात सांकेतिक भाषा आधीपासून नसते, ती पालकांना शिकावी लागते. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वांत तयार असतो तो पहिल्या काही वर्षांत. हा काळ कोणत्याच भाषेविना गेला, तर पुढे वाचन, गणित, मैत्री, भावना व्यक्त करणे या सगळ्यावर परिणाम होतो.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने लवकर घ्या. जन्मानंतर एका महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हे त्याचे आदर्श वेळापत्रक आहे. यंत्र बसवल्यावर फक्त बोलण्यावर भर द्यावा की सांकेतिक भाषाही द्यावी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण यंत्र मिळेपर्यंत आणि त्याचा उपयोग दिसू लागेपर्यंत महिने, कधी वर्षे जातात. त्या काळात मूल भाषेविना राहू नये. मला तरी दोन्ही मार्ग खुले ठेवणे अधिक शहाणपणाचे वाटते.

शब्दांविषयीही एक सूचना. "मुका-बहिरा" किंवा "मूकबधिर" म्हणणे टाळा. बहुतेक कर्णबधिर व्यक्तींचा आवाज आणि स्वरयंत्र ठीक असते, आणि सांकेतिक भाषा बोलणारा माणूस मुका नसतो. "कर्णबधिर" किंवा "बधिर" म्हणावे.

हातांनी खुणा जमत नसतील तर

सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारात हातांवर पुरेसा ताबा नसतो. अशा मुलांसाठी चित्रांचा तक्ता, नजरेने किंवा बोटाने दाखवणे, बटण दाबल्यावर बोलणारी साधने आणि मोबाइल-टॅबलेटवरील अ‍ॅप हे पर्याय आहेत. घरातल्या वस्तूंचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवूनही सुरुवात होते. खुणा आणि चित्रे एकत्र वापरायलाही हरकत नाही. जे साधन मुलाला चालेल, ते चांगले.

डॉक्टरांकडे जाताना

- मुलाच्या खुणांचा व्हिडिओ सोबत न्या आणि सुरुवातीलाच सांगा, "तो बोलत नाही, पण खुणांनी सांगतो."
- "दुखतंय", "हो", "नाही", "थांब" या खुणा डॉक्टरांना दाखवा.
- तपासणीआधी काय होणार आहे ते मुलाला खुणांनी सांगा. घरी बाहुलीवर सराव केला तर भीती कमी होते.
- दुखण्याचे इतर संकेतही सांगा. तो कान ओढतो का, जेवण सोडतो का, एकदम गप्प होतो का? "हा नेहमी असाच करतो" असे म्हणून नवे लक्षण सोडून देऊ नका.

मदत कुठे मिळते?

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम: २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शासकीय शाळांत तपासणी होते. गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तिथे श्रवण आणि वाचा-उपचारांची सोय असते.
- अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, वांद्रे, मुंबई: १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्रीय संस्था तपासणी, उपचार आणि प्रशिक्षणाचे काम करते.
- जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग आणि बालरोग विभाग.
- वाचा-उपचारतज्ज्ञ: मुलासाठी खुणांची निवड, उच्चारांचा सराव आणि पालकांचे प्रशिक्षण त्यांच्याकडून घ्यावे. आठवड्यातून एक-दोन वेळच्या थेरपीइतकेच घरी रोज केलेले काम महत्त्वाचे असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खुणा कोणत्या वयापासून सुरू कराव्यात?
डाऊन सिंड्रोमसारखे निदान जन्मतःच झाले असेल, तर सहा-सात महिन्यांपासून बोलताना खुणा दाखवायला हरकत नाही. मोठ्या वयात सुरू केले तरी उपयोग होतो. "आता उशीर झाला" असे कधीच नसते.

माझे मूल वयानुसार बोलते आहे. त्यालाही खुणा शिकवाव्यात का?
खेळ म्हणून शिकवायला हरकत नाही. मात्र त्यामुळे मूल जास्त हुशार होते याला ठोस आधार नाही. त्यासाठी महागडे वर्ग लावू नयेत. वर्गातल्या एखाद्या मित्राशी बोलता यावे म्हणून शिकत असेल, तर जरूर शिकवा.

घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि वर खुणा. गोंधळ होणार नाही का?
सहसा नाही. खूण तीच राहते. "पाणी" आणि "वॉटर" या दोन्ही शब्दांना एकच खूण असल्याने उलट ती दोन भाषांमधला दुवा बनते. घरची भाषा सोडू नका. आईवडील ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतात, तीच मुलासाठी सगळ्यात समृद्ध भाषा असते.

खुणा शिकवून तो शब्द बोलेलच, याची खात्री आहे का?
अशी खात्री कोणीही देऊ नये. काही मुले भरपूर बोलू लागतात, काही थोडे बोलतात आणि काही आयुष्यभर खुणा किंवा चित्रांचाच आधार घेतात. पण त्या तिन्ही मुलांना आज, आत्ता, आपले म्हणणे सांगता येते. तो फायदा निश्चित आहे.

थोडक्यात

- खुणा बोलणे थांबवत नाहीत, त्याला आधार देतात.
- खूण करताना नेहमी बोला, आणि बोलून झाल्यावर थांबा.
- ऐकण्याची तपासणी प्रत्येक मुलाची करा.
- मुलाला हव्या असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करा. "नको", "दुखतंय" आणि "मदत" विसरू नका.
- घर, अंगणवाडी आणि शाळा, सगळ्यांनी खुणा शिका.
- कर्णबधिर मुलाला पूर्ण भाषा द्या, आणि लवकर द्या.

आज संध्याकाळच्या जेवणाला एकच खूण निवडा, "आणखी". घरातल्या प्रत्येकाने वाढून घेताना ती करा, बोलत बोलत करा. मूल पाहत असेल, तेवढे पहिल्या दिवशी पुरे.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)